कढईवरचं पोळं

घरात काळपट राखाडी रंगाची हार्ड ॲनोडाइज्ड कढई असेल तर तिच्यावर नखानं ओरखडा काढून बघा. निघत नाही. आतला धातू मात्र ॲल्युमिनियमच आहे, ज्याच्या जुन्या पातेल्याला साध्या चमच्यानंही चरे पडतात. सगळा फरक वरच्या थराचा. हा थर म्हणजे रंग नव्हे, कलई नव्हे, बाहेरून आणून चिकटवलेलं काहीही नव्हे. तो त्या ॲल्युमिनियममधूनच उगवलेला आहे.

त्याहून नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हा थर सलग नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या असंख्य नळ्या दिसतात आणि प्रत्येक नळीच्या मधोमध एक बारीक, खोल भोक. कढईवर ही घरं जरा वेडीवाकडी असतात. पण आम्ल बदललं, व्होल्ट नेमके ठेवले आणि पुरेसा वेळ दिला, तर याच थरातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं रेखीव षटकोनी पोळं तयार होतं. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. इतक्या बारीक जागी कुणी छिन्नी चालवलेली नसते, नकाशा छापलेला नसतो. माणूस फक्त परिस्थिती ठरवतो: किती व्होल्ट, कुठलं आम्ल, किती थंड. भोकं आपली आपण जागा शोधतात. हे कसं घडतं ते मला फार सुंदर वाटतं, आणि ते समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी धातूकडे बघू. ॲल्युमिनियम हवेत उघडं राहूच शकत नाही. कापलं की ताज्या पृष्ठभागावर क्षणात ऑक्सिजन येऊन बसतो आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर तयार होतो. दुधावर साय धरते तसा, फक्त २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्यातून हवा-पाणी आत जात राहतं आणि लोखंड खात जातं. ॲल्युमिनियमची साय घट्ट असते. ती धरली की खालचा धातू झाकला जातो आणि प्रकरण तिथंच थांबतं. आजी म्हणायची ना, ॲल्युमिनियमच्या भांड्यात ताक ठेवू नका, चिंचेची आमटी मुरत ठेवू नका? ते याच सायीमुळे. इतका पातळ थर आंबट आणि खारट पदार्थापुढे टिकत नाही, आणि तो गेला की धातू पदार्थात उतरायला लागतो.

रासायनिक दृष्टीनं ही साय म्हणजे कुरुंद. चाकू-सुऱ्यांना धार लावायचा तो कुरुंद दगड, आणि माणिक नि नीलमसुद्धा, मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही आपल्याकडच्याच भाषांतून तिकडे गेला. कुरुंदात अणू शिस्तीत रचलेले असतात, सायीत ते विस्कळीत असतात, त्यामुळे ती माणकाइतकी कठीण नसते. तरी ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण.

मग ही साय जाड करता आली तर? १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट या दोघांनी त्याचा रस्ता शोधला. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्यानं खराब होत होते. त्यांनी तो भाग क्रोमिक आम्लात बुडवला, विजेच्या धन टोकाला जोडला आणि प्रवाह सोडला. धन टोकाला जोडलेला पत्रा म्हणजे धनाग्र, इंग्रजीत ॲनोड. म्हणून या क्रियेचं नाव ॲनोडायझिंग, आणि शास्त्रीय मराठीत धनाग्रीकरण.

विजेनं नेमकं काय साधतं? साय धरल्यावर क्रिया थांबते, कारण ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये ती भिंतीसारखी उभी असते. वीज त्या भिंतीतून दोघांना ओढून पलीकडे नेते. ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, बाहेरच्या दिशेनं सरकतात, पाण्यातून आलेले ऑक्सिजनचे आयन आतल्या दिशेनं. हा जोर थोडाथोडका नसतो. ४० व्होल्ट म्हटलं तर किरकोळ वाटतात, पण ते साधारण ५० नॅनोमीटरच्या थरावर पडतात. हिशेब केला तर मीटरला ८० कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. अशा ताणाखाली घन ऑक्साइडमधूनही आयन वाट काढतात.

इथपर्यंत भोकांचा पत्ता नाही. बोरॅक्ससारख्या, ऑक्साइडला न विरघळवणाऱ्या द्रावणात हे केलं तर भोकं पडतही नाहीत. प्रत्येक व्होल्टमागे सव्वा ते दीड नॅनोमीटर थर वाढतो, मग ताण पुरेनासा होतो आणि वाढ थांबते. चार्जरच्या सर्किटमध्ये दिसणाऱ्या छोट्या डब्यांसारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांत हाच सलग थर असतो.

गंमत सुरू होते ती द्रावण आम्लाचं असल्यावर: सल्फ्युरिक, फॉस्फोरिक किंवा ऑक्झॅलिक. (ऑक्झॅलिक आम्ल आपल्या ओळखीचं आहे. अळू घशाला खाजतो तो त्याच्या कॅल्शियम क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.) आम्ल तयार होणारा ऑक्साइड किंचित विरघळवतंही. म्हणजे एकाच वेळी आतून भिंत बांधली जाते आहे आणि बाहेरून ती झिजते आहे. या ओढाताणीतून पोळं जन्माला येतं.

ते जन्माला येताना बघता येत नाही, पण साध्या ॲमीटरवर त्याची चाहूल लागते. व्होल्ट कायम ठेवून प्रवाह चालू केला की काटा आधी झपाट्यानं खाली येतो, कारण सलग साय जाड होत जाते आणि प्रवाह अडतो. एका तळाला पोचल्यावर काटा थबकतो आणि हळूहळू पुन्हा वर चढू लागतो. सायीत खळगे पडायला लागले, काही जागी भिंत पातळ झाली, तिथून प्रवाह जातो आहे, असा त्याचा अर्थ. मग काटा एका ठिकाणी स्थिरावतो आणि तासन् तास तिथंच राहतो. पोळं बांधायचं काम आता सुरळीत चालू आहे. हा उतार, हा तळ आणि हा चढ पहिल्यांदा बघणाऱ्याला आपण काहीतरी जिवंत बघतो आहोत असं वाटलं तर मला त्याचं नवल वाटणार नाही.

आता खळगा खोल कसा जातो ते बघू. पृष्ठभाग कितीही घासून चकचकीत केला तरी नॅनोमीटरच्या मापात तो खडबडीतच असतो. जिथं किंचित खोल, तिथं साय किंचित पातळ. तिथं विजेचा ताण जास्त. ताणाखाली ऑक्साइडमधले अणूंचे बंध सैल होतात आणि आम्ल तिथं जास्त वेगानं विरघळवतं. खोल जागा अधिक खोल होते.

मग एखादा खळगा सुसाट खाली जाऊन धातूला का भिडत नाही? कारण तळ पातळ झाला की तिथून प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की नवा ऑक्साइडही जोरात बनतो. तळ पुन्हा जाड होतो. फार जाड झाला तर प्रवाह मंदावतो, तोवर विरघळणं त्याला गाठतं. म्हणून भोकाच्या तळाशी ऑक्साइडची एक फरशी कायम ठराविक जाडीची राहते, व्होल्टमागे साधारण सव्वा नॅनोमीटर. ही फरशी स्थिर नसते. ती धातू खात खाली सरकते, वरून विरघळते, खालून नव्यानं बनते. तिच्या मागोमाग भोक खोल होत जातं आणि कडेच्या भिंती उंच होत जातात. आधी थर बनला आणि मग त्यात भोक पाडलं, असा क्रम इथं नाहीच. थर आणि भोक बरोबरच वाढतात.

भोकाचा तळ वाटीसारखा गोल असतो. वाटी किती मोठी, ते फरशीच्या जाडीवर ठरतं. फरशीची जाडी व्होल्टवर. शेजारच्या वाट्या कडेला कड लावून बसतात, म्हणून दोन भोकांमधलं अंतर फरशीच्या जाडीच्या साधारण दुप्पट, म्हणजे व्होल्टमागे अडीच नॅनोमीटर येतं. ४० व्होल्टला १०० नॅनोमीटर. सल्फ्युरिक आम्लात २५ व्होल्टला सुमारे ६५, फॉस्फोरिकमध्ये १९५ व्होल्टला जवळपास ५००. पाच वेगवेगळ्या बारकाव्यांची जाळी हवी असेल तर पाच यंत्रं लागत नाहीत. पॉवर सप्लायचं बटण फिरवायचं आणि त्या व्होल्टला जुळणारं आम्ल निवडायचं.

पण अंतर ठरलं म्हणजे मांडणी ठरली असं नाही. षटकोन कुठून आला?

एक रुपयाचं नाणं टेबलावर ठेवा आणि त्याला चिकटून तशीच नाणी लावत जा. बरोबर सहा बसतात. पाचांत फट राहते, सातवं मावत नाही. सारख्या आकाराच्या गोल गोष्टी दाटीनं बसल्या की प्रत्येकीला सहा शेजारी मिळतात. इथं दाटी कशामुळे होते, ते १९९८ साली जर्मनीतल्या हाले शहरातल्या माक्स प्लांक संस्थेत जेसेन्स्की, म्युलर आणि ग्योझेले यांनी मांडलं. धातूचा ऑक्साइड झाला की त्याला जागा जास्त लागते. भाजलेली पोळी फुगते तसा तो फुगतो. पण खाली धातू आहे आणि चारही बाजूंना शेजारची भोकंही त्याच वेळी फुगत आहेत. सुटायला जागा फक्त वर. म्हणून प्रत्येक भोक शेजाऱ्यांना ढकलतं आणि शेजारी त्याला. एका बाजूनं धक्का जास्त आला तर भोकाचा तळ पुढच्या थरात तसूभर दुसरीकडे सरकतो. असं सरकत सरकत, सगळ्या बाजूंचा धक्का सारखा होईपर्यंत जागा बदलत राहतात. फुगणं फार कमी असेल तर शेजाऱ्याची जाणीवच होत नाही आणि भोकं विस्कळीत राहतात. फार जास्त असेल तर धक्काबुक्कीत रांग मोडते. मूळ धातूच्या साधारण १.२ पट जागा लागते, तेव्हा शिस्त सर्वांत चांगली येते असं त्यांना दिसलं. २५, ४०, १९५ हे व्होल्टचे आकडे म्हणूनच खास आहेत. त्या-त्या आम्लात तिथं धक्का अगदी बेताचा असतो.

या शिस्तीला वेळ लागतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला खळगे कुठंही पडतात, दाटीवाटीनं. काही मधेच बुजतात, काही ठिकाणी फार जागा राहिली तर एका भोकाची दोन होतात. खोल जावं तसतसे शेजारी एकमेकांशी जुळवून घेतात. म्हणून थराचा वरचा भाग गबाळा आणि तळ रेखीव असतो. अमेरिकेतल्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ सालीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं षटकोनी घरं पाहिली होती, पण तळाची ही शिस्त वरपर्यंत आणायची कशी, याचं उत्तर मिळायला चाळीसहून अधिक वर्षं गेली.

ते उत्तर टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या हिदेकी मासुदा यांनी दिलं. १९९५ साली केंजी फुकुदा यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टला पुष्कळ वेळ धनाग्रीकरण केलं तर तळाशी जवळजवळ निर्दोष पोळं मिळतं. पुढच्याच वर्षीची युक्ती तर इतकी साधी आहे की वाचल्यावर हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. मन लावून वाढवलेला तो सगळा थर त्यांनी आम्लात विरघळवून फेकून दिला. खाली उरला ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्याच्यावर वाट्यांचे ठसे, षटकोनी शिस्तीत. इडलीपात्रासारखे, पण एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी. मग तोच पत्रा पुन्हा त्याच आम्लात, त्याच व्होल्टला लावला. या वेळी भोकांना जागा शोधत फिरावं लागलं नाही. प्रत्येक भोक ठशातच सुरू झालं आणि वरपासून खालपर्यंत सरळ गेलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे असंच, दोन टप्प्यांत करतात.

या पोळ्याचं माप डोळ्यांसमोर आणायचा मी बराच प्रयत्न केला, आणि शेवटी उपयोगी पडली ती बोअरवेल. भोकाची रुंदी ४० नॅनोमीटर आणि थर ४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) धरला तर भोक रुंदीच्या हजारपट खोल. सहा इंची बोअर घेतली तर ती ५०० फूट खोल. शेजारची बोअर पंधरा इंचांवर, तीही ५०० फूट, तिच्या पलीकडची तशीच, आणि एकही दुसरीत घुसलेली नाही. नखाएवढ्या जागेत, एका चौरस सेंटिमीटरमध्ये, अशा सुमारे १,१०० कोटी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक देऊनही उरतील.

परिस्थिती बदलली की भोकं लगेच हिशेब बदलतात, हेही बघण्यासारखं आहे. अंतर व्होल्टच्या प्रमाणात असल्यामुळे ठराविक क्षेत्रात किती भोकं मावतील ते व्होल्टच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातं. ४० व्होल्टवरून २८ वर आलं तर तेवढ्याच जागेत दुप्पट भोकं हवीत. ती येतात कुठून? चालू भोकाच्या तळाशी फाटा फुटतो आणि एकाची दोन होतात, झाडाच्या फांदीसारखी. १९९९ साली याचा उपयोग करून अशा दुबेळक्यात कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवल्या गेल्या. बटण फिरवलं आणि तळाशी फांदी फुटली. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही की रचना व्होल्टच्या आकड्यात दडलेली आहे.

एक प्रश्न मात्र बरीच वर्षं चुकीच्या उत्तरावर समाधानी होता. फरशीचा ऑक्साइड जातो कुठं? सगळा विरघळतो, असं मानलं जायचं. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या आत टंगस्टन मिसळलेला एक अत्यंत पातळ पट्टा खुणेसाठी घातला, आणि फरशी त्या पट्ट्यातून जाताना टंगस्टन कुठं जातं ते पाहिलं. ते भोकाच्या तळाकडून कडेच्या भिंतींकडे सरकलेलं दिसलं. म्हणजे तळाचा ऑक्साइड, घन असूनही, विजेच्या आणि फुगण्याच्या दाबाखाली पिळून निघत होता आणि भिंतींत चढत होता. सोऱ्यातून चकलीचं पीठ निघतं तसा. विरघळणं खोटं ठरलं नाही, पण भिंती कशा उभ्या राहतात याचं चित्र बदललं.

आता परत कढईकडे. कारखान्यात दोन दिवस थांबायला कुणाला सवड नसते. तिथं सल्फ्युरिक आम्ल शून्य अंशाच्या जवळ थंड ठेवतात आणि प्रवाह जोरात सोडतात. थंडीत आम्लाची विरघळवायची ताकद कमी होते, थर पटापट जाड आणि दाट होतो. याला हार्ड म्हणतात ते त्यामुळे. जोराच्या प्रवाहानं उष्णता खूप निर्माण होते आणि ती काढून नेली नाही तर थर जागोजाग जळतो. म्हणून आम्ल सतत ढवळतात. अशा घाईत भोकांना शेजाऱ्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. घाई आणि शिस्त एकत्र येत नाहीत असंच सगळे समजत होते. २००६ साली हालेच्याच संस्थेत आधी ४० व्होल्टला पातळ, नीटस थर वाढवून मग व्होल्ट हळूहळू १०० च्या वर नेले, तेव्हा ताशी दोन मायक्रॉनच्या ऐवजी ५० ते ७० मायक्रॉन वाढणारा आणि तरीही शिस्तीचा थर मिळाला. कारखान्याची रीत आणि प्रयोगशाळेचं पोळं तिथं एकत्र आले.

कढईची काळजी कशी घ्यायची, तेही यातूनच कळतं. ॲल्युमिनियम ऑक्साइड चिंच-टोमॅटोपुढे टिकतो, पण अल्कलीत विरघळतो. म्हणून अशी भांडी धुण्याच्या सोड्यानं किंवा कॉस्टिक असलेल्या पावडरनं घासू नयेत.

भोकं असलेलं भांडं गळत किंवा शोषत कसं नाही, असा प्रश्न पडेल. एक तर तळाला सलग फरशी असतेच. शिवाय ॲनोडाइझ केलेल्या बऱ्याच वस्तू शेवटी उकळत्या पाण्यात ठेवतात. गरम पाणी ऑक्साइडशी जोडलं जाऊन बोहमाइट तयार होतं, भिंती भिजवलेल्या डाळीसारख्या फुगतात आणि भोकांची तोंडं मिटतात. मिटण्याआधी आत काही भरायचं असेल तर तेव्हाच भरायचं. रंग भरला की मोबाइलच्या पाठीसारखा निळा-तांबडा पत्रा मिळतो, आणि नखानं तो रंग निघत नाही, कारण तो आत विहिरींमध्ये आहे. कथिलाचे क्षार घेऊन उलटसुलट वाहणारा, म्हणजे एसी, प्रवाह सोडला तर विहिरींच्या तळाशी कथिलाचे कण साचतात आणि इमारतींच्या सरकत्या खिडक्यांवर दिसतो तो ब्राँझसारखा रंग येतो. (हल्ली पुष्कळ खिडक्या पावडर कोटिंगच्या असतात, त्यांचं प्रकरण वेगळं.) धातू काठोकाठ भरून नंतर ऑक्साइड विरघळवला तर हातात येतात सारख्या जाडीच्या नॅनोतारा. साच्यातून तारा ओतायची ही रीत १९९० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स मार्टिन यांनी खूप पुढे नेली. तळाची फरशीही काढली तर आरपार जाळी मिळते, जीवाणू अडवण्याइतकी बारीक. असे गाळण-पडदे बाजारात मिळतात.

हीच ओढाताण दुसऱ्या धातूंवर लावली की स्वभाव बदलतो. टायटॅनियमचा ऑक्साइड साध्या आम्लांना दाद देत नाही, त्याला फ्लोराइड लागतं. फ्लोराइडचे आयन ऑक्सिजनपेक्षा वेगानं आत घुसतात आणि घरांच्या सीमेवर साचतात. ती सीमा पुढे विरघळते आणि पोळ्याची घरं सुटी होऊन स्वतंत्र नळ्या उभ्या राहतात, स्ट्रॉच्या जुडीसारख्या. टायटॅनियम ऑक्साइडवर उजेड पडला की पाण्याचं विघटन होऊ शकतं, हे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली दाखवलं होतं. नळ्यांमुळे उजेडाला आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून त्यांच्यावर इतकं काम चालू आहे.

या सगळ्यात वीज होती. विजेशिवायही ऑक्साइड आपली आपण उभी राहतात, आणि ती गोष्ट मला आपल्या घराच्या अधिकच जवळची वाटते, कारण ती खडीसाखरेची गोष्ट आहे.

खडीसाखर करताना घट्ट पाक भांड्यात ठेवतात आणि त्यात दोरे सोडतात. पाक सावकाश निवतो, साखरेला बाहेर पडायचं असतं, पण सुरुवात करायला तिला आधार लागतो. दोरा तो आधार देतो. घाईनं निववला तर साखर भांडंभर भुग्यासारखी बसते. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्या काचेवर अशाच वाढवतात. लिओनेल वेसिएर यांनी २००३ साली मांडलेल्या रीतीत लागतं काय? पाण्यात झिंक नायट्रेट, त्यात हेक्सामीन (गिर्यारोहक इंधन म्हणून ज्याच्या वड्या नेतात तेच), आणि ९५ अंशांची उष्णता काही तास. हेक्सामीन गरम पाण्यात हळूहळू फुटतं आणि थोडा थोडा अमोनिया सोडतं. त्यामुळे पाणी सावकाश अल्कधर्मी होतं आणि जस्त ऑक्साइड होऊन बाहेर पडू लागतं. इतक्या बेतानं, की त्याला पाण्यात भुगा व्हायची संधी मिळत नाही. ते काचेचा आधार शोधतं. काचेवर आधी झिंक ऑक्साइडचे अगदी बारीक कण पेरून ठेवले, तर तेच दोऱ्याचं काम करतात.

कांड्याच का, गोळे का नाहीत? झिंक ऑक्साइडच्या स्फटिकात एका दिशेनं जस्ताचा एक थर आणि ऑक्सिजनचा एक थर असे आलटून पालटून रचलेले असतात. त्यामुळे त्या टोकाच्या पृष्ठभागावर विजेचा भार राहतो आणि तो स्वस्थ बसत नाही, नवे आयन ओढून घेत राहतो. बाजूंच्या सहा भिंतींवर दोन्ही आयन सारखे असल्यामुळे त्या शांत असतात. म्हणून स्फटिक उंच होत जातो, जाड कमी होतो, आणि वरून बघितलं तर टोक पुन्हा षटकोनीच. हा षटकोन मात्र शेजाऱ्यांच्या दाटीतून आलेला नाही, तो अणूंच्या रचनेतूनच आलेला आहे. दिसायला एकच, जन्म वेगळा.

अशा कामाला महागडी निर्वात यंत्रं लागत नाहीत. बीकर, पाण्याची गरम टाकी, तापमापक आणि पीएच मीटर पुरतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात नेमक्या याच रीतींवर कित्येक दशकं काम झालं, आणि पातळ थरांच्या संशोधनात त्या विभागाचं नाव देशाबाहेरही माहीत आहे. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक स्नान (वरच्यासारखा गरम द्रावणात काच ठेवून थर वाढवायचा) आणि ‘सिलार’ या पद्धती तिथं रुजवल्या. सिलार ही फ्रान्समध्ये निकोलाव यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत: काच आधी धातूच्या आयनांच्या द्रावणात बुडवायची, धुवायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. दर फेरीला एक अगदी पातळ थर चढतो. मधल्या धुण्यामुळे सैल चिकटलेलं सगळं निघून जातं आणि फक्त नीट धरलेलं उरतं. पी. एस. पाटील यांनी तिथंच तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून ऑक्साइडचे थर वाढवायच्या पद्धतीवर काम केलं. विजेनं रंग बदलणारा टंगस्टन ऑक्साइड त्यातलाच. या दोघांचे विद्यार्थी पुढे पुण्या-नांदेडपासून दक्षिण कोरियापर्यंतच्या प्रयोगशाळांत गेले.

या साध्या पद्धतींची अडचणही त्यांच्या साधेपणातच आहे. परिस्थितीच सगळं ठरवते, म्हणून परिस्थिती जरा हलली की सगळं हलतं. पीएच थोडा चढला, द्रावण जास्त लवकर तापलं, काच नीट धुतली नव्हती, की ऑक्साइड काचेचा आधार न शोधता पाण्यातच भुग्यासारखा बनतो आणि मग वरून खाली बसतो. गंमत म्हणजे थर नीट उगवलेली काच आणि असा भुगा बसलेली काच बाहेर काढल्यावर सारख्याच दिसतात, दोन्हींवर पांढरट धुकं. सूक्ष्मदर्शकाकडे न्यायच्या आधीच त्यांच्यातला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. काच धुवून वाळवायची आणि कडेला नख लावायचं. बसलेला थर पुसला जातो. उगवलेला जात नाही.